आर्तुरकडे नवरी आली

एमिलनं कणकेत रुतलेले दोन्ही हात बाहेर काढले आणि जाहीर केलं, "यंदा बिस्किटं करून काही उपयोग नाही."

त्याच्या बापाचं, आर्तुर वाइनगार्टचं, लाटणं थांबलं. नाताळ अगदी तोंडावर आला होता. टेबलावर, खुर्चीवर आणि एमिलच्या केसांत मधाच्या बिस्किटांचं पीठ पसरलं होतं.

"का रे बाबा? जळतील म्हणून?"

"जळतील तर खऱ्याच," दहा वर्षांची इर्मा म्हणाली. तिनं सकाळपासून दोन ताटं जळताना पाहिली होती.

"तसं नाही," एमिल म्हणाला. "खाणार कोण? ख्रिस्तकिंड येणारच नाही. ओमा जर्मनीला गेली, ते पण तिच्याबरोबर गेलं."

सहा वर्षांच्या पोराचा हिशेब चुकीचा होता असं कुणी म्हणू शकलं नसतं. ओमा म्हणजे पोरांची आजी, आर्तुरची आई. पानगळीत ती थोरल्या लेकाकडे जर्मनीला गेली, ती काही परत यायला गेली नव्हती. तिच्याआधी बेकर कुटुंब गेलं, त्यांच्याआधी शेफर कुटुंब गेलं. आमच्या तासबुलाक गावात एक अख्खी गल्ली जर्मन लोकांची होती. आता तिथं जर्मन म्हणून एवढंच एक घर उरलं होतं. आणि ख्रिस्तकिंड यायचं ते जर्मन पोरांकडेच. चोवीस तारखेला दिवेलागणीला, पांढऱ्या कपड्यांत, तोंडावर पडदा घेऊन, घंटी वाजवत. पोरांनी कविता म्हणायची, त्यानं भेटी द्यायच्या, एक बिस्किट खायचं आणि निघून जायचं. ते बोलत नाही आणि त्याचं तोंड कुणाला दिसत नाही. हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"अरे, थंडीआजोबा येईल की नववर्षाला शाळेत भेटी घेऊन," आर्तुरनं समजूत घातली.

"तो सगळ्यांचा आहे," एमिल म्हणाला. "ख्रिस्तकिंड आपलं होतं."

आर्तुर गावच्या पाण्याच्या पंपांवर मेकॅनिक होता. बंद पडलेली कुठलीही मोटर तो कान लावून ओळखायचा. पण या बोलण्यावर काय करायचं ते त्याला सुचेना. एमिल दोन वर्षांचा असताना त्याची आई, ओल्गा, वारली. तेव्हापासून ओमाच त्या पोराचं जग होती. ती गेल्यापासून तो भांडत नव्हता, रडत नव्हता, नुसता शहाण्यासारखा वागत होता, आणि आर्तुरला त्याचीच धास्ती वाटत होती. यंदा ख्रिस्तकिंड यायलाच हवं होतं.

रात्रीची वाट न बघता त्यानं मागच्या अंगणात जाऊन आईला फोन लावला.

"आई, ख्रिस्तकिंड तू आणायचीस कुठून?"

"अगोदर शेफरांची लिली करायची. ती गेल्यावर पलीकडच्या गावातली एक मुलगी यायची. आता तीही इकडेच आली, आमच्या शेजारच्या इमारतीत राहते."

"मग मी काय करू?"

"तूच बघ बाबा. तोंड दिसता कामा नये, आवाज फुटता कामा नये. आणि एमिलला फसवणं सोपं नाही. तो माझ्यावर गेलाय."

झालं, आर्तुर विचाराला लागला. पहिलं नाव डोक्यात आलं ते राइसाचं. राइसाची पावाची भट्टी होती, स्वभावानं शांत होती, पोरांवर जीव होता. पण बाईला घरी बोलवायचं म्हणजे आली का पंचाईत! आमच्या गावातली माणसं फार प्रेमळ. आणि प्रेमळ माणसांना दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय घास गिळत नाही. ओल्गा गेल्याला वर्ष झालं तेव्हापासून गल्लीतल्या बायकांनी आर्तुरच्या लग्नाचा विडा उचलला होता. राइसा त्याच्या दारात नुसती उभी राहिली असती तरी भट्टीतला पाव निवायच्या आत साखरपुडा ठरला असता. बिचाऱ्या बाईला उगाच कशाला लोकांच्या तोंडी द्यायचं?

म्हणून त्यानं पुरुषच निवडला. तोलेगेन, तालुक्याच्या बसचा ड्रायव्हर, शाळेपासूनचा दोस्त. तोलेगेनबद्दल कोण काय बोलणार? पुढचं सगळं रामायण या शहाणपणातून घडलं.

"म्हणजे मी करायचं काय?" तोलेगेननं बसच्या चाकाला टेकून विचारलं.

"काही नाही. यायचं, घंटी वाजवायची, पोरांची कविता ऐकायची, भेटी द्यायच्या, बिस्किट खायचं, जायचं. फक्त बोलायचं नाही."

"अजिबात?" तोलेगेनचा चेहरा पडला. हा माणूस तालुक्याला जाताना जी गोष्ट सुरू करायचा ती परतताना संपवायचा. "बरं, नाही बोलत. पण मिशी? मिशी काढायला सांगू नकोस. शोल्पाननं लग्न मिशीशी केलंय, मी आपला तिच्याबरोबर आलो."

"मिशी पडद्यात झाकली जाईल. आणि शोल्पानवहिनीलासुद्धा सांगायचं नाही. तिला कळलं की माझ्या शेजारच्या कुल्याश आपांना कळलं, आणि आपांना कळलं की…"

"गायीलासुद्धा कळलं," तोलेगेननं मान डोलावली. "माझ्या तोंडाला कुलूप."

पोशाखाला खर्च आला नाही. ओमाचं रजईचं पांढरं कव्हर होतं, जुन्या पद्धतीचं, मधोमध शंकरपाळ्यासारखं भोक असलेलं. त्या भोकातून तोलेगेनचं डोकं आरपार गेलं आणि कव्हर टाचांपर्यंत आलं. पडद्यासाठी त्यानं बसच्या खिडकीचे जाळीचे दोन पडदे काढून आणले आणि एकावर एक डोक्यावर घेतले. मिशी दिसेनाशी झाली. अडचण एवढीच, की तोलेगेनलाही काही दिसेनासं झालं.

चोवीस तारखेला सूर्य मावळायला आला तेव्हा आर्तुर पोरांना "सरपण आणतो" म्हणून बाहेर पडला. तोलेगेन न्हाणीघरामागे तयार होऊन उभा होता. मागची गल्ली बर्फानं काचेसारखी झाली होती. आर्तुरनं त्याचा हात हातात घेतला.

"जपून. इथं पायरी आहे. मान खाली ठेव, पडदा सरकतोय."

"अरे, हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कुल्याश आपा गोठ्यातून दुधाची बादली घेऊन बाहेर आल्या. कुंपणापलीकडे त्यांना जे दिसलं ते असं : पांढऱ्या वेशातली, पडदा घेतलेली एक उंच मुलगी मान खाली घालून लाजत लाजत चालली आहे आणि आर्तुर तिचा हात धरून तिला मागच्या दारानं घरात नेतो आहे. आमच्याकडे पडदा घेतलेली बाई संध्याकाळी कुणाचा उंबरठा ओलांडते ती एकाच कारणानं. आपांनी बादली तिथंच बर्फात ठेवली.

आधी त्यांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. मग संताप आला. हे काय वागणं झालं? नवरी मागच्या दारानं? डोक्यावर खाऊ उधळायला कुणी नाही, गाणं नाही, घरात वडीलधारी बाई नाही? ओमा जाताना त्यांचा हात धरून म्हणाली होती, "कुल्याश, माझ्या पोराकडे बघ." आणि हे असं बघायचं?

त्यांनी पहिला फोन शोल्पानला केला. "आर्तुरनं नवरी आणली! गपचूप! पोर बिचारं लाजलं असेल. आपण आहोत ना? मिठाई घे आणि ये. कशी आहे म्हणजे? धिप्पाड आहे, कामाला बरी. पाऊल जरा मोठं आहे. पण मान वर केली नाही गं एकदाही. खानदानी आहे!"

दुसरा फोन त्यांना करावा लागला नाही. शोल्पाननं केला.

इकडे घरात घंटी वाजली. इर्मा आणि एमिल धावत दिवाणखान्यात आले. दारात पांढरंशुभ्र ख्रिस्तकिंड उभं होतं आणि चौकटीला डोकं आपटू नये म्हणून थोडं वाकलं होतं. इर्माची नजर कव्हरावरून घसरत खाली बुटांवर गेली. ते बूट ती रोज शाळेला जाताना बसमध्ये ब्रेकच्या शेजारी बघायची. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं डोळ्यांनी हात जोडले. इर्मा गप्प बसली आणि तिनं कविता सुरू केली.

एमिलची पाळी आली तेव्हा त्यानं कविता म्हटली नाही. तो पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "तू जर्मनीहून आलंस?"

ख्रिस्तकिंडानं घुटमळत मान हलवली. हो.

"ओमा भेटली?"

हो.

"तिचा गुडघा दुखतो अजून?"

हो, हो. गुडघा कुणाचा दुखत नाही?

"ती परत येणार आहे?"

ख्रिस्तकिंड हललं नाही. तोलेगेन मनानं मऊ माणूस. पडद्यामागे त्यानं नाक ओढल्याचा आवाज आर्तुरला स्पष्ट ऐकू आला. घाईघाईनं त्यानं बिस्किटांची बशी पुढे केली आणि ख्रिस्तकिंडानं पडद्याखालून एक बिस्किट तोंडात टाकलं. तेवढ्यात पुढचं दार धाडकन उघडलं.

"सून आली! सून आली!" कुल्याश आपा आत शिरल्या आणि त्यांनी मूठभर चॉकलेटं छताकडे भिरकावली. त्यांच्या मागे शोल्पान, तिच्या मागे संगीताचे निवृत्त मास्तर बेक्तास आगा हातात दोन तारांचा दोम्ब्रा घेऊन, त्यांच्या मागे अर्धी गल्ली. उरलेली अर्धी बूट काढत होती. चॉकलेटं, गोळ्या, सुकामेवा यांचा नुसता पाऊस पडायला लागला. एक अक्रोड ख्रिस्तकिंडाच्या टाळक्यात बसला, पण नियम म्हणजे नियम, त्यानं हूं की चूं केलं नाही.

"अहो आपा, हे काय?" आर्तुर ओरडला.

"हे काय मला विचारतोस, मुडद्या? मागच्या दारानं आणतात का नवरीला? तुझी आई नाही इथं, पण आम्ही मेलो का?"

"आपा, जरा स्वयंपाकघरात चला, मी सगळं सांगतो."

"स्वयंपाकघरात आता ती जाणार. मी बसणार." आणि आपा सोफ्यावर मधोमध बसल्या.

एमिल चॉकलेटांच्या पावसात आ वासून उभा होता. "ओमाच्या वेळी असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला. मग त्यानं इर्माची बाही ओढली. "पण ह्याला सगळे नवरी का म्हणतात?"

"गप्प बस आणि खाली पडलेलं वेच," इर्मा म्हणाली.

बेक्तास आगांनी तारा छेडल्या. आता काय होणार ते आर्तुरला कळलं. बेताशार! नवरीचं तोंड उघडायचं गाणं. आगा एकेका मानकऱ्याचं नाव घेणार, नवरीनं त्याला वाकून नमस्कार करायचा, त्यानं भेट द्यायची, आणि शेवटी पडदा वर. एकदा सुरू झालेलं बेताशार मध्येच तोडणं म्हणजे घरावर अपशकुन. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, आर्तुरलाही.

"आली आली नवी सून, पांढरी जशी साय,
आधी वाक कुल्याशला, ती गल्लीची माय!"

तोलेगेनला पडद्यातून काही दिसत नव्हतं, पण जन्मभर शेकडो बेताशार पाहिलेला माणूस तो. सूर कानावर पडताच त्याचे गुडघे आपोआप वाकले. आपांनी गळ्यातली लोकरी शाल काढून नवरीच्या खांद्यावर घातली. "किती रुंद खांदे गं बाई," त्या शोल्पानच्या कानात म्हणाल्या. "पाण्याच्या चार बादल्या सहज आणेल."

"राइसाची पावभट्टी, ऊब साऱ्या गावा,
तिला वाक, नवरीबाई, रोज पाव खावा!"

राइसा दाराजवळ उभी होती. तिनं फडक्यात गुंडाळलेला गरम पाव टेबलावर ठेवला आणि आर्तुरकडे न बघता म्हणाली, "सुखी राहा." आर्तुरला उगाचच फार वाईट वाटलं. का वाटलं याचा विचार करायला त्याला सवड नव्हती, कारण आगा पुढच्या कडव्याला भिडले होते.

"आर्तुरचा जिवाचा मित्र, तोलेगेन बसवाला,
दोस्ताच्या या लग्नामध्ये नेमका कुठे गेला?"

"फोनच उचलत नाहीये मेला," शोल्पान म्हणाली. "त्याच्या वाटचा नमस्कार माझ्याकडे कर गं."

तोलेगेननं स्वतःच्या नावानं स्वतःच्या बायकोला वाकून नमस्कार केला. शोल्पाननं पर्समधून रेशमी रुमाल काढून त्याच्या हातात ठेवला आणि प्रेमानं म्हणाली, "काही अडलं तर माझ्याकडे ये, लाजू नकोस. इथले पुरुष बोलघेवडे आहेत, पण वाईट नाहीत."

पडदा थरथरला. बायकांना वाटलं, नवरी रडते आहे. दोघी-तिघींनी डोळे पुसले.

मग आगांनी दोम्ब्राची दांडी पडद्याकडे नेली, आणि आर्तुरनं मध्ये उडी घेतली. "थांबा! तोंड बघायचं नाही! आमच्यात चालत नाही!"

कुल्याश आपा हळूहळू उठल्या.

"तुमच्यात? ओल्गा आली तेव्हा तिचं तोंड पहिल्यांदा मी पाहिलं, बाळा. तुझी दोन्ही पोरं माझ्या मांडीवर वाढली. आणि आज तुमच्यात आणि आमच्यात झालं?" त्या आर्तुरसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आम्ही परके झालो होय रे?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आर्तुरची गत झाली. एकीकडे आपांचे भरलेले डोळे. दुसरीकडे एमिल, दोन्ही खिसे चॉकलेटांनी टम्म फुगलेले, पानगळीपासून पहिल्यांदाच पोरासारखा दिसणारा. खरं सांगावं तर पोराचं ख्रिस्तकिंड जातं, न सांगावं तर आईसारखी शेजारीण. कलावंत काही कुणासाठी थांबत नाही. बेक्तास आगांनी त्याच्या काखेखालून दांडी घातली, जाळीत अडकवली आणि पडदा उचलला.

आतून मिशी बाहेर आली. मिशीवर बिस्किटाचा चुरा होता.

मग शोल्पान किंचाळली, "अगं बाई! हा तर माझा!"

जो काही हशा उसळला तो शब्दांत सांगण्याच्या पलीकडचा आहे. आपा सोफ्यावर आडव्या झाल्या. आगांनी दोम्ब्रा पोटाशी धरून भिंतीचा आधार घेतला. राइसा तर जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसत राहिली. आर्तुर मात्र फक्त एमिलकडे बघत होता.

एमिल पुढे आला. त्यानं मान वर करून रजईच्या कव्हरातल्या माणसाला नीट न्याहाळलं. तो हसत नव्हता, आणि ते पाहून एकेक जण हसायचा थांबला.

"तोलेगेनकाका?"

तोलेगेननं आर्तुरकडे पाहिलं. बोलायची परवानगी त्याला अजून मिळाली नव्हती.

"म्हणजे तुम्हीच होतात?" एमिलनं विचारलं. "दर वर्षी?"

तोलेगेन म्हणाला, "हं."

एमिलनं बराच विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणून तुम्ही बस चालवता!"

"म्हणून?"

"मग? सगळ्या गावांना भेटी पोचवायच्या असतात ना!"

आमच्या गावात शंभर खोड्या असतील, पण इथं कुणाला डोळा मारून समजावावं लागत नाही. कुल्याश आपा ताबडतोब सरळ बसल्या. "नाहीतर काय! उगाच रोज एवढ्या फेऱ्या मारतो होय तो?"

"आणि बस उशिरा का येते ते कळलं ना आता?" बेक्तास आगा म्हणाले.

"मला तर मेल्यानं लग्न झाल्यापासून पत्ता लागू दिला नाही," शोल्पान म्हणाली, आणि हे ती कितपत गमतीनं म्हणाली ते तोलेगेनला घरी गेल्यावर कळायचं होतं.

"मला केव्हाच कळलं होतं," इर्मा म्हणाली, आणि यात तिनं एक अक्षरही खोटं सांगितलं नाही.

"ते सगळं ठीक," आपा म्हणाल्या. "पण पडदा उघडला, भेटी घेतल्या. आता सुनेनं सगळ्यांना चहा द्यायचा. रीत ती रीत."

तोलेगेन कव्हर सावरत उठला आणि चहा ओतायला लागला. एकदाची बोलायची मुभा मिळाल्यामुळे तो प्रत्येक पेल्याबरोबर एक गोष्ट सांगत होता. "दूध आधी, मग चहा! काही शिकवलं नाही का तुझ्या आईनं?" आपांनी त्याला झापलं. राइसानं पाव कापला आणि बशी आर्तुरपुढे केली. या वेळी तिनं त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. फोनच्या पडद्यावर ओमा होती, मागं स्वच्छ पांढरी भिंत आणि कोपऱ्यात एक छोटंसं झाड. "अरे, एवढा कसला गोंधळ? काय झालंय तिकडे?" तिनं विचारलं. एमिलनं बापाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"ओमा, तुझ्याकडे ख्रिस्तकिंड आलं?"

"नाही रे राजा. इथं म्हाताऱ्यांकडे कोण येतंय?"

"येईल कसं?" एमिल म्हणाला. त्यानं फोन वळवून तिला सगळी खोली दाखवली. "ते इथंच राहतं. ते कुठं गेलंच नव्हतं, ओमा. तूच तेवढी गेलीस."

"मग मलाच यायला हवं," ओमा म्हणाली, आणि चष्मा काढून पुसायला लागली.

आर्तुरनं फोन कुल्याश आपांच्या हातात दिला, डोळे बाहीला पुसले आणि दार उघडायला गेला. वरच्या गल्लीतली माणसं आहेराचं मेंढरू घेऊन नवरी बघायला आली होती.